म्हातारपणीची पाटी-पेन्सिल

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. निघोजच्या बाजूचे एक गृहस्थ आपल्या वडिलांना घेऊन माझ्या दवाखान्यात आले. वडिलांचे वय सत्तरीच्या आसपास. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले आणि आपल्या तालुक्यातील अनेकांप्रमाणे नंतर गावी घर बांधून राहिलेले. मुलगा सांगू लागला, ‘‘डॉक्टर, नाना हल्ली लई विसरायला लागलेत. चहा घेतला तरी म्हणतात, घेतलाच नाही. परवा तर बाजारातून येताना घराचीच वाट चुकले.’’ नाना शेजारी मान खाली घालून गप्प बसले होते. मी रक्तदाब तपासला, तो बरा होता. ‘‘वय झालंय, एवढं चालायचंच,’’ असे म्हणून टॉनिकची एक बाटली लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ही माझी चूक होती. आठ महिन्यांनी नाना पुन्हा आले ते पायाला मुंग्या येतात आणि चालताना तोल जातो म्हणून. तेव्हा कुठे मी रक्त तपासावयास पाठविले. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ अगदी तळाला गेलेले! घर माळकरी, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे चालू. या गोळीने काही जणांत बी-१२ कमी होते, हे मला ठाऊक असावयास हवे होते, नव्हे, ठाऊक होतेच. इंजेक्शने सुरू केली. चार महिन्यांत नानांची विस्मृती पुष्कळ कमी झाली. पायाची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही, ती आजही आहे. ते आठ महिने माझ्यामुळे वाया गेले.

म्हणून वाचकहो, ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मी दवाखान्यात उच्चारीत नाही. विसरभोळेपणामागे थायरॉईडची कमतरता असू शकते, मनाची उदासी असू शकते, झोपेच्या गोळ्या असू शकतात. मोटारसायकलवरून पडल्यावर किंवा मोरीत पाय घसरल्यावर डोक्यात हळूहळू साचलेले रक्तही असू शकते. यांपैकी बहुतेकांवर उपाय आहे. एक-दोन दिवसांतच माणूस एकाएकी बरळू लागला, तर वयाला दोष न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग किंवा रक्तातील क्षार कमी होणे एवढेही त्याला पुरते. खरा स्मृतिभ्रंशही आहेच. देशात साठीपुढील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना तो असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला.

आता नानांकडे परत येऊ. रक्त सुधारले, पण माणूस दिवसभर ओट्यावर बसून. मी विचारले, ‘‘नाना, वर्तमानपत्र वाचता का?’’ म्हणाले, ‘‘मुंबईला असताना लोकलमध्ये रोज वाचायचो. आता चष्म्याची काच फुटलीय.’’ कधी फुटली, तर दोन वर्षांपूर्वी! घरात चारचाकी आहे, दोन मोबाईल आहेत, पण म्हाताऱ्याचा चष्मा राहून गेला होता. तपासल्यावर मोतीबिंदूही निघाला. त्याची शस्त्रक्रिया झाली, नवा चष्मा आला आणि वर्तमानपत्र सुरू झाले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा यांच्या जोडीला उपचार न केलेला दृष्टिदोषही आहे. ही सर्व कारणे आवरली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा पुढे ढकलता येईल, असे ही समिती म्हणते. वाचा म्हणून सांगण्याआधी दिसते का, ऐकू येते का, हे पाहावयास हवे ते यासाठीच.

वाचनाने मेंदूत नेमके काय होते? नवी गोष्ट शिकताना मेंदूतील पेशींचे एकमेकींशी नवे धागे जुळतात. गावाला जाण्याच्या चार वाटा असल्या की पुरात एक पूल गेला तरी माणूस घरी पोचतो, तसे हे आहे. अमेरिकेत ६७८ जोगिणींचा त्यांच्या मरणापर्यंत पाठपुरावा करण्यात आला. त्यांतील काहींच्या मेंदूत मरणोत्तर तपासणीत अल्झायमरच्या खुणा दिसल्या, पण जिवंतपणी त्यांची बुद्धी शाबूत होती. एवढ्या लांबचे नको असेल तर हैदराबादचे पाहा. तेथील निम्स या संस्थेत स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध आहे. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला. मला विशेष वाटले ते हे की, निरक्षर माणसांतही हा फरक आढळला. म्हणजे पाटी कोरी असली तरी डोके कोरे नसते. जात्यावरच्या शेकडो ओव्या आणि हरिपाठ मुखोद्गत असलेल्या आपल्या आज्यांना अडाणी म्हणताना आपण विचार करावा.

अर्थात, वाचले की आजार होणारच नाही असे वचन कोणी देऊ नये. मोठमोठ्या विद्वानांनाही तो होतो. शिवाय रोज तेच ते केल्याने फारसे साधत नाही. वीस वर्षे एकाच तऱ्हेची शब्दकोडी सोडविणारा माणूस शब्दकोड्यात पटाईत होतो, इतकेच. थोडे अवघड वाटेल, चुकायला होईल, असे काही हवे. मोबाईलवर बोटाने चित्रफिती सरकवीत बसणे मी यात धरीत नाही. त्याच मोबाईलवर नातवाकडून मराठी टाईप करावयास शिकणे मात्र जरूर धरतो.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. आम्हांलाही वाचता आले असते तर, अशी खंत गावातील वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखविली आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली. साठ ते नव्वद वर्षांच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारी शाळेत जाऊ लागल्या. अंगठ्याच्या जागी सही आली. मला यातील औषधाचा भाग अधिक दिसतो. ज्या बाईला रक्तदाबाची गोळी कोणती आणि साखरेची कोणती हे वेष्टन वाचून कळते, ती एकच गोळी दोनदा घेत नाही. आणि रोज दुपारी चार बायका एकत्र बसतात, हेही गोळीइतकेच महत्त्वाचे आहे.

आपल्या पारनेरचेच सेनापती बापट (जन्म १८८०, निधन १९६७). सत्याग्रह आणि तुरुंग यांच्या धामधुमीतही त्यांनी योगी अरविंदांच्या लेखनाचे मराठी भाषांतर करण्याचे काम अंगावर घेतले. महर्षी कर्व्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी १९३६ साली नवे मंडळ काढले, तेव्हा त्यांचे वय ७८ होते. आपल्या जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ सालची. एवढी जुनी परंपरा आपल्या दारात असताना साठीनंतर वाचनालयाची वर्गणी बंद करणारे लोक पाहिले की वाईट वाटते. असो.

नानांच्या घरी एका जुन्या पेटीत आजोबांच्या वेळची मोडी लिपीतील कागदपत्रे होती. गावात वाचणारे कोणी उरले नव्हते. मुलाने मोडी शिकण्याचे पुस्तक आणून दिले. पहिले दोन महिने नाना वैतागले, पुस्तक फेकून दिले, पुन्हा उचलले. रोज सकाळी अर्धा तास पाटीवर अक्षरे गिरवायची, दुपारी नातीला वाचून दाखवायची. वर्षभराने एका गहाणखतातील आजोबांचे नाव त्यांना स्वतः वाचता आले. सगळा कागद अजून लागत नाही, पण रोज ओळ-दोन ओळी पुढे जातात.

बी-१२च्या इंजेक्शनासाठी ते ठरल्या दिवशी येतात, तारीख त्यांना आठवण करून द्यावी लागत नाही. गेल्या खेपेस माझी चिठ्ठी हातात घेऊन चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, ‘‘डॉक्टर, मोडी लागायला लागली, पण हे तुमचं अक्षर काही लागत नाही.’’ तेव्हापासून मी औषधांची नावे मोठ्या आणि सुट्या अक्षरांत, मराठीत लिहून देतो.