मोटार न भेटणारी वाट

फ्रान्स म्हटले की आपल्याकडच्या मंडळींना पॅरिस आठवते, आणि सायकलीचा विषय निघाला तर ‘तूर द फ्राँस’ ही शर्यत. परंतु त्या देशाच्या अगदी पोटात, पॅरिसच्या दक्षिणेस सुमारे ३०० किलोमीटरवर, आलिए नावाच्या जिल्ह्यात एक ओकवन आहे. त्राँसे हे त्याचे नाव. विस्तार १०,००० हेक्टरांहून अधिक. त्याच्या काठी सॅं-बोने-त्राँसे हे काहीशे वस्तीचे खेडे असून, तेथून निघालेला सायकलस्वार सकाळपासून संध्याकाळपर्यंत खडीच्या व मातीच्या वाटांनी हिंडला तरी त्याला मोटारीचा कर्णा क्वचितच ऐकू येतो. आमचा भाचा नोकरीनिमित्त त्याच मुलखातल्या क्लेरमाँ-फेराँ शहरी असतो. मे महिन्यात त्याच्याकडे गेलो असता चार दिवस आम्ही त्या खेड्यात काढले, आणि पन्नाशी उलटल्यावर पुन्हा सायकलीवर बसलो.

ज्या सायकलीवर बसलो तिला तिकडे ‘ग्रॅव्हल’ म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, ब्रेक चकतीचे, टायर मात्र ४० ते ४५ मिलिमीटर रुंद. शर्यतीच्या अरुंद टायरमध्ये १०० पौंडांच्या आसपास कडक हवा भरण्याची जुनी रीत. येथे ३० ते ४० पौंडांवर भागते. कडक टायर खड्यावरून उसळतो आणि प्रत्येक उसळीत स्वाराच्या पायांचे थोडे बळ फुकट जाते. मऊ टायर तोच खडा पोटात घेतो व चाक पुढे सरकते. पुढचे दातेरी चक्र बहुधा एकच, मागे दहा-बारा. त्यांतले सर्वांत मोठे पुढच्याच्या बरोबरीचे किंवा त्याहून मोठे, म्हणून चढावर पायडल जड होत नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावाहून २०० मैलांची खडीवरची शर्यत २००६ साली सुरू झाली, त्यानंतर हा प्रकार हळूहळू जगभर पसरला, आणि २०२२ साली त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीत भरली. आम्हांला मात्र त्या टायरकडे पाहून हसू आले. आपल्या दूधवाल्याच्या व पोस्टमनच्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस-दीडचा टायर म्हणजे दीड इंच रुंद, सुमारे ३८ मिलिमीटर! जे आपल्याकडे गरज म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, तेच तिकडे नव्या नावाने महाग होऊन आले आहे.

तिकडेही ते तितकेसे नवे नाही. सायकल जन्मली तेव्हा डांबरी रस्ते होतेच कोठे? सँतेत्येन शहरचे पॉल द विवी (१८५३–१९३०) हे ‘वेलोसियो’ या टोपणनावाने लिहीत. ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक त्यांनी चालविले आणि डोंगरवाटांनी दूर दूर भटकण्यासाठी सायकलीला एकाहून अधिक गिअर हवेत असे ते आयुष्यभर सांगत राहिले. शर्यतवाल्यांना ते पटेना. तूर द फ्राँसमध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्राला १९३७ पर्यंत सर्वांना मुभा नव्हती. आज जी सायकल भाड्याने मिळते, तिच्यात वेलोसियोंचा हट्ट पुरता जिंकलेला दिसतो.

आता त्या वनाविषयी. त्राँसेतील मुख्य वाटा खडीच्या, सरळसोट, आणि ठिकठिकाणी चक्राच्या आऱ्यांप्रमाणे एका गोल मोकळ्या जागी येऊन मिळणाऱ्या. त्या ओंडके वाहून नेण्यासाठी बांधलेल्या आहेत, स्वारांच्या करमणुकीसाठी नव्हे. म्हणून कामाच्या दिवशी एखादी लाकडाची ट्रक भेटू शकते. इतर मोटारींना बऱ्याच वाटांच्या तोंडाशी लाकडी अडसर आहे. पायी माणूस व सायकल बाजूने निघून जाते. अडसराच्या पलीकडे गेले की दहा मिनिटांत कान बदलतात. प्रथम आपल्याच टायरखालची खडी कुरकुरताना ऐकू येते, मग सुतारपक्ष्याची टकटक, मग फार वर, शंभर फुटांवर, पानांतून जाणारा वारा. हे ओक आपल्या वडासारखे पसरत नाहीत. दाटीत वाढविल्यामुळे प्रकाशासाठी ते सरळ वर जातात आणि बुंधा फांदीविना खांबासारखा उभा राहतो.

ही दाटी मुद्दाम केलेली आहे. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६९ साली फ्रान्सच्या जलवनांविषयीचा मोठा वटहुकूम काढविला आणि त्यानंतर लगेच त्राँसेच्या वनाची व्यवस्था लावली. हेतू आरमाराचा. पुढील काळात लढाऊ जहाजांना लाकूड कमी पडू नये, म्हणून त्याने ओक राखले. १७८८ मध्ये रांबूर नावाच्या गृहस्थाने तेथे लोखंडाच्या भट्ट्या उभारल्या व कोळशासाठी वनाचा मोठा भाग कापला गेला. एकोणिसाव्या शतकात, १८३५ च्या सुमारास, पुन्हा शिस्त लावून दीर्घ मुदतीची तोड ठरविण्यात आली. कोल्बेरच्या काळातले काही वृक्ष ‘फुते कोल्बेर’ नावाच्या राखीव तुकड्यात तीनशे वर्षांपलीकडे जगले. एव्हाना जहाजे लोखंडाची झाली होती! राखलेल्या ओकांचे लाकूड मग मद्याच्या पिंपांना कामी आले. वाढ संथ, वळी बारीक, त्यामुळे त्राँसेच्या लाकडाला त्या धंद्यात मोठा मान आहे. पेरणाऱ्याचा हेतू आणि पिकाचा उपयोग यांत दोन शतकांचे अंतर पडले की असे होते.

या फ्रेंच वनशिस्तीचा आपल्याशीही एक धागा आहे. हिंदुस्थानच्या वनखात्यासाठी निवडलेल्या तरुण अधिकाऱ्यांना १८६७ पासून पुढे बरीच वर्षे फ्रान्समधील नान्सी येथील वनविद्यालयात धाडीत. आपल्या सागवानी रानांत तोडीची पाळी ठरविणाऱ्या साहेबांपैकी कित्येकांनी धडे गिरविले ते ओकवनांत. हिंदुस्थानात नोकरी करून पुढे एडिंबरोला प्राध्यापक झालेले स्टेबिंग, ज्यांनी भारतीय वनांचा त्रिखंडी इतिहास लिहिला, त्यांचे नाव त्राँसेतल्या एका थोर ओकाला देण्यात आले. फुते कोल्बेरच्या सावलीत उभे राहून आम्हांला सातपुड्याची आठवण झाली, ती काही केवळ घरच्या ओढीने नव्हे.

वनाबाहेर पडले की बूर्बोने प्रांताची शेते लागतात. कुंपणाच्या जिवंत झुडपांनी आखलेली कुरणे, त्यांत पांढरी शारोले गुरे, आणि कुरणांमधून वाकत जाणाऱ्या अरुंद गाडीवाटा. येथूनच जवळ इग्राँद गावी एमिल गियोमें (१८७३–१९५१) राहत. शाळा चार-पाच वर्षांची, पण १९०४ साली त्यांनी एका कुळवाड्याची जीवनकथा लिहिली, ती फ्रान्सभर गाजली. आणि कीर्ती मिळाल्यावरही ते पॅरिसला न जाता शेतच कसत राहिले. आम्हां मास्तर मंडळींना अशा माणसाचे गाव नुसते पाहिले तरी समाधान वाटते.

या गाडीवाटांनाच आपल्याकडे पाणंद म्हणतात. फ्रेंच कायद्यात त्या ‘शमँ र्‍युराल’, म्हणजे ग्रामीण वाटा. त्यांचे स्थान मोठे नाजूक. मालकी गावाची, परंतु सार्वजनिक रस्त्याचे पूर्ण संरक्षण त्यांना नाही. शेजारच्या शेतकऱ्याने वाट नांगराखाली घेतली आणि तीस वर्षे कोणी हरकत घेतली नाही, तर ती कायमची त्याची होऊ शकते. लोकांचा वावर थांबला, तर चौकशी करून गाव ती विकूही शकते. महायुद्धानंतर शेतांच्या एकत्रीकरणात अशा असंख्य वाटा व त्यांच्या कडेची झुडपे नाहीशी झाली. १९८३ च्या कायद्याने जिल्ह्यांना भटकंतीच्या वाटांची यादी करण्याचे काम मिळाले आणि २०२२ च्या कायद्याने गावाने वाटांची मोजणी हाती घेतली की ती तीस वर्षांची मुदत थांबविण्याची सोय केली. तरी मूळ प्रश्न उरतोच: वाट लोकांच्या वापरात आहे, हे दाखवायचे कसे? ती चालून. रविवारी सकाळी पाठीवर पाव घेऊन निघालेली दहा-बारा सायकलस्वारांची टोळी बघणाऱ्याला हौशी वाटेल. परंतु तिच्या चाकांच्या खुणा म्हणजे एक प्रकारचे दप्तरच होय. आपल्याकडे सातबाऱ्यावर नसलेल्या, नकाशात पुसट झालेल्या पाणंदीचे काय होते, हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगावयास नको.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. मे-जून उत्तम. सप्टेंबरच्या अखेरीस नर सांबरांसारखी मोठी हरणे माजावर येऊन ओरडतात, ते ऐकण्यासारखे असते. पण शरद ऋतूपासून फेब्रुवारीपर्यंत शिकारीचे दिवस असतात, तेव्हा पाटी लावलेल्या भागात शिरू नये व भडक कपडे घालावेत. हिवाळ्यात चिखल फार. गवतातून आल्यावर अंगावरची गोचीड पाहून काढणे अत्यावश्यक, कारण तिच्यापासून लाइम नावाचा रोग होतो. पाणी व खाणे जवळ ठेवावे. खेड्यातले दुकान दुपारी बंद असते आणि त्यांची दुपार आपल्यापेक्षा लांब.

परतताना आम्ही बेरी कालव्याच्या काठाने व्हालाँ-आँ-स्युली गावच्या स्टेशनापर्यंत गेलो. हा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खणला, १९५५ साली बंद झाला. त्याच्या कुलपबंद दारांची रुंदी जेमतेम २ मीटर ७० सेंटिमीटर, म्हणून त्यावरच्या होड्याही तितक्याच अरुंद, आणि त्या काठावरून खेचीत खेचरे व गाढवे. ज्या पट्टीवरून ती जनावरे चालत, त्याच सपाट पट्टीवरून आता सायकली जातात. चढ नाही, उतार नाही, बाजूला संथ पाणी. स्टेशनात गाडी आली, तिच्यात सायकली टांगण्याचे आकडे होते, आणि दोन मोकळे मिळाले.