चौथरा आणि ‘हिंदू’

बिनदरवाज्याच्या घरांचे गाव म्हणून शिंगणापूरचे कौतुक आम्ही नगर जिल्ह्यातली माणसे सर्वांना सांगतो. पण तिथल्या शनीच्या चौथऱ्यावर २०१६ पर्यंत स्त्रियांना मज्जाव होता. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने बोट ठेवले ते १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्यावर. अडवणाऱ्यास सहा महिने कैद! अस्पृश्यांसाठी चाललेल्या लढ्यातून आलेला हा कायदा साठ वर्षांनी स्त्रियांच्या कामी आला.

हा कायदा हिंदूंच्या मंदिरांचा. मग हिंदू कोण? गुजरातेतील स्वामीनारायण सत्संगींनी ‘आमचा पंथ हिंदू नाही, आम्हाला हा प्रवेश लागू नाही’ असा दावा केला. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दलिताला आत घेण्यापेक्षा हिंदूपण सोडलेले बरे, अशी ही वृत्ती! उलट संविधानाचे २५ वे कलम मंदिरप्रवेशापुरते बौद्धांनाही हिंदूंत धरते.

मी बौद्ध आहे. मला चौथऱ्यावर चढायचे नाही. पण मज्जाव म्हणून न जाणे वेगळे आणि हक्क असून न जाणे वेगळे. १९३० च्या काळाराम सत्याग्रहात बाबासाहेबांना देव नको होता. माणुसकीचा हक्क हवा होता.