कानात सारखा आवाज येतोय? गोळीवर पैसे घालण्याआधी हे वाचा

रात्री सामसूम झाली की कानात रातकिडे किरकिरतात, शिट्टी वाजते, अशी तक्रार गावोगावी ऐकायला मिळते. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. मग मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, महिनोन् महिने खायच्या. पण हा आवाज हमखास बंद करणारी गोळी अजून निघालेली नाही.

चक्करेवरची बीटाहिस्टिन गोळी यासाठीही दिली जाते. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये अभ्यास तपासले, तेव्हा टिनिटसला तिचा फायदा झाल्याचा पुरावा सापडला नाही. जिंको, झिंक, मेलाटोनिन यांचीही शिफारस करू नका, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय.

असं का? कानाच्या आतल्या बारीक पेशी मोठ्या आवाजाने किंवा वयाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आवाज कमी पोचू लागला की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो, असं डॉक्टर मानतात. मेलेली पेशी गोळीने जिवंत होत नाही.

मात्र कधी कधी कारण साधं असतं. कानात मळ साचला असेल तर तो काढल्यावर आराम पडतो. जास्त डोसची ॲस्पिरिन, जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं यांनीही आवाज सुरू होऊ शकतो. अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. इथे स्टेरॉइडचा उपयोग होऊ शकतो, पण तो सुरुवातीच्या दिवसांतच. आठवडे गेले की संधी हातची जाते. आवाज एकाच कानात असेल, नाडीसारखा ठोके देत असेल किंवा सोबत गरगरत असेल, तरी तपासणी टाळू नका.

बाकीच्यांनी आधी ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. कमी ऐकू येत असेल तर मशीन लावल्यावर बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो. झोपताना पंखा किंवा हळू आवाजात रेडिओ लावा. झोपच उडाली असेल तर समुपदेशनाचा फायदा होतो.

कानात तेल ओतू नका, काडी घालू नका. आणि मळणी यंत्रावर, ट्रॅक्टरवर, डीजेपुढे कानात बोळे घाला. गेलेलं ऐकणं परत येत नाही, राहिलेलं मात्र जपता येतं.