मूळपेशींचे दान : आपली नावे यादीत हवीत

भीमजयंतीला रक्तदान शिबिर भरविणे आता आपल्या परभणी जिल्ह्यातील समाजबांधवांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु थॅलेसेमिया, सिकलसेल, रक्ताचा कर्करोग अशा आजारांत बाटलीभर रक्ताने काही काळच निभावते. आजार मुळातून घालवायचा तर अनेकदा रक्त तयार करणाऱ्या निरोगी मूळपेशी दुसऱ्याकडून घ्याव्या लागतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली एका मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देऊन हा मार्ग भारतात खुला केला. १९८८ साली पॅरिसमध्ये बहिणीच्या नाळेतील रक्त भावाला देण्यात आले.

येथे रक्तगट नव्हे, तर एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. त्या निम्म्या आईकडून व निम्म्या वडिलांकडून येतात. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. अलीकडे निम्मे जुळणारे आई-वडीलही काहींना पेशी देतात. तेही शक्य नसेल तर दात्यांच्या यादीत शोध घ्यावा लागतो.

ज्या गटात पिढ्यानपिढ्या आपसात लग्ने झाली, त्याच गटात जुळणारा दाता सापडण्याचा संभव अधिक. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात जातीअंतर्गत विवाह हेच जातिसंस्थेचे मर्म असल्याचे दाखविले. त्या बंद दाराची खूण पेशींतही राहिली. तिचा उच्चनीचतेशी काडीचा संबंध नाही. पण यादीत आपली माणसे नसतील, तर आपल्या लेकरांना दाता मिळणे अवघड.

२००९ पासून काम करणाऱ्या दात्रीसारख्या संस्था अशी यादी ठेवतात. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. पुढे जुळणी झालीच, तर बहुधा पाच दिवस इंजेक्शने देतात आणि हातातून रक्त घेऊन यंत्राने पेशी वेगळ्या काढतात. उरलेले रक्त परत देतात. पेशी पुन्हा भरून येतात.

खाजगी बँकेत नाळेचे रक्त ठेवण्यासाठी मात्र कोणी कर्ज काढू नये. थॅलेसेमियाच्या बाळाच्या नाळेतही तोच दोष असतो.

येत्या जयंतीला रक्तदानाशेजारी या नोंदणीचेही टेबल मांडावे, अशी आमची विहार समित्यांना व तरुण मंडळांना विनंती आहे. पण नाव देण्याआधी घरात सर्वांशी बोला. दात्याचा होकार धरूनच रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट करतात. त्यानंतर दाता मागे फिरला तर रुग्णाचा जीव जाऊ शकतो. दिलेला शब्द पाळणे हेच येथे खरे दान आहे.

जयभीम!