'कंट्रोल एफ'ला दोन टिळक कळत नाहीत!

प्रोजेक्टसाठी एखाद्या इतिहासाच्या पीडीएफमध्ये 'टिळक' सर्च करून बघा. लोकमान्य, रेव्हरंड, लक्ष्मीबाई, सगळे एकाच रांगेत! नुसतं 'लोकमान्य' लिहिलेली पानं मात्र गायब. पुस्तक स्कॅन केलेलं असेल, तर बऱ्याचदा काहीच सापडत नाही.

इथे कामाला येते पुस्तकामागची सूची. पानांचे आकडे पक्के झाले की सूचीकार अख्खं पुस्तक वाचतो, नावं वेगळी करतो, 'लोकमान्य : पाहा टिळक, बाळ गंगाधर' अशी वाट दाखवतो. नुसता उल्लेख कुठला आणि खरी चर्चा कुठली, हेही तोच ठरवतो. ब्रिटनमध्ये या मंडळींची 'सोसायटी ऑफ इंडेक्सर्स' १९५७पासून आहे. आपल्याकडे कितीतरी मराठी पुस्तकं सूचीविनाच छापली जातात. भाषा आणि वाचनाची आवड आहे? मग हे काम तुमचंच आहे!