घराचें वेळापत्रक

विद्यार्थिमित्रांनो, शाळेची घंटा कोणाच्या आठवणीवर वाजत नाहीं. भिंतीवर वेळापत्रक लाविलेलें असतें. कोणत्या तासाला कोणता विषय, कोणत्या वर्गावर कोण शिक्षक, हें सर्व त्यांत लिहिलेलें असतें. एखादे दिवशीं मुख्याध्यापक परगांवीं गेले तरी शाळा भरते, तास होतात, आणि वेळ झाली म्हणजे शाळा सुटते. घराची गोष्ट मात्र निराळी आहे. घरांत शाळेपेक्षां अधिक प्रकारचीं कामें चालतात, पण त्यांचें वेळापत्रक बहुधा कोठेंच लिहिलेलें नसतें. तें एकाच व्यक्तीच्या डोक्यांत असतें, आणि बहुतेक घरांत ती व्यक्ति म्हणजे आई. आठवडा धांदलीवांचून व सुखानें कसा घालवावा याविषयीं कांहीं साध्या संवयी या लेखांत सांगावयाच्या आहेत. परंतु ही गोष्ट मला स्वतःला किती उशिरां समजली, तें आधीं सांगणें प्रामाणिकपणाचें होईल.

वीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त शिकविणारा मी घरीं केवळ भोजनभाऊ होतों. एके वर्षीं पावसाळ्यांत माझ्या पत्नीस ताप आला. डॉक्टरांनीं आठ दिवस अंथरुणांतून न उठण्याची ताकीद दिली. “तूं स्वस्थ पड, घर मी पाहातों,” असें मीं मोठ्या ऐटीनें सांगितलें. दुसऱ्याच सकाळीं तिच्या उशाशीं माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. रवा कोणत्या डब्यांत आहे? दुधाचे पैसे कोणत्या तारखेपर्यंत दिले आहेत? धाकट्याचा गणवेश कोठें ठेविला आहे? गॅसची टाकी केव्हां लाविली होती? थोरलीच्या सहलीची वर्गणी कधीं भरावयाची? तिनें डोळे न उघडतां एकूणएक प्रश्नाचें उत्तर दिलें. तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं विचारलें, “यांना विश्रांति मिळते ना?” मी होय म्हणणार, तोंच धाकटा आंत येऊन म्हणाला, “आई, माझा डबा कुठें आहे?” त्या क्षणीं मला माझीच लाज वाटली. तिचा देह अंथरुणावर होता, पण घर अजून तिच्याच डोक्यावर चाललें होतें. तिची विश्रांति आम्हींच हिरावून घेत होतों.

तेव्हांपासून माझ्या ध्यानांत आलें कीं, घरकामाचे दोन भाग आहेत. एक हातांचें काम व दुसरें आठवणीचें काम. हातांचें काम डोळ्यांना दिसतें, म्हणून त्याबद्दल कधींतरी कोणी चांगला शब्द बोलतो. आठवणीचें काम दिसत नाहीं. पोळ्या लाटावयास अर्धा तास लागत असेल. परंतु पीठ संपत आलें आहे, गहूं अजून निवडावयाचे आहेत आणि गिरणी अमुक वारीं बंद असते, हें मनांत बाळगणें दिवसभर चालू असतें. घरांत धांदल उडते ती कामें फार असल्यामुळें क्वचितच. बहुधा कामें ऐन वेळीं आठवतात म्हणून ती उडते. यासाठीं पहिला उपाय हाच कीं, आठवणीचें काम डोक्यांतून काढून कागदावर ठेवावें.

यासंबंधीं आपल्या नाशिकशीं जोडलेली एक खरी हकीकत सांगण्याजोगी आहे. आज शरणपूर रस्ता ज्या वसाहतीचें नांव वागवितो, ती शरणपूरची ख्रिस्ती वसाहत 19 व्या शतकाच्या मध्यास वसली. पूर्व आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलीं जाणारीं जीं मुलें इंग्रजी आरमारानें गलबतांवरून सोडविलीं, त्यांपैकीं कित्येकांना येथें आसरा मिळाला. येथें तीं लिहावयास, वाचावयास व हातानें धंदा करावयास शिकलीं. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. पुढें तो डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या आफ्रिकेंतील प्रवासांत त्यांच्या मंडळींत सामील झाला. 1873 च्या मे महिन्याच्या आरंभीं लिव्हिंग्स्टन चितांबो नांवाच्या मुखियाच्या गांवीं वारले. समुद्र दूर, मुलूख परका, पुढारी गेलेला. अशा वेळीं माणसें गोंधळून जावयाचीं. परंतु सुसी व चुमा या त्यांच्या जुन्या सोबत्यांनीं काय केलें? त्यांनीं सर्वांस एकत्र बोलाविलें, सर्वांच्या देखत पेट्या उघडल्या, आणि जेकबला कागद व शाई आणावयास सांगून जें जें निघेल तें टिपून ठेवण्यास सांगितलें. ती यादी त्यानें लिव्हिंग्स्टन यांच्याच एका टिपणवहीच्या शेवटच्या पानांवर लिहिली. मग धन्याचा देह घेऊन ती मंडळी निघाली. हजार मैलांहून अधिक वाट सुमारें नऊ महिने चालून 1874 च्या फेब्रुवारींत ती किनाऱ्यास पोंचली. 18 एप्रिल 1874 रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत दफनविधि झाला, त्या वेळीं शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत शरणपूरचा हा विद्यार्थी होता.

या हकीकतींतील धैर्य व निष्ठा यांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. मला येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, त्या कठीण घटकेला त्यांनीं आरंभ यादीपासून केला. यादी झाली म्हणजे कोणालाहि सर्व कांहीं मनांत धरून चालावें लागत नाहीं, आणि मागाहून कोणी कोणावर संशय घेत नाहीं. “मला कोणीं सांगितलेंच नव्हतें,” हें जें वाक्य आपल्या घरांत दर दोन दिवसांनीं ऐकूं येतें, त्यावर लिहिलेल्या यादीसारखें दुसरें उत्तर नाहीं.

आमच्या घरीं ही यादी शनिवारीं संध्याकाळीं होते. पंधरा मिनिटांपेक्षां अधिक वेळ लागत नाहीं. मात्र त्या वेळीं घरांतील सर्वांनीं बसलें पाहिजे. वहीचें एक पान घेऊन त्याच्या मध्यें रेघ मारावी. डाव्या बाजूस ज्या कामांना वार किंवा तारीख ठरलेली आहे तीं लिहावीं: फी, वीजबिल, परीक्षा, दवाखाना, पाहुणे. उजव्या बाजूस जें संपत आलें आहे तें लिहावें: तेल, साबण, वह्या, औषध. मग हें पान स्वयंपाकघराच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असें लावावें. खिशांतील मोबाइलमध्येंहि टिपण करतां येतें, व एकट्या माणसास तें पुरतें. परंतु तें ज्याच्या खिशांत, त्यालाच दिसतें. भिंतीवरचें पान येतां जातां सर्वांस दिसतें. यादी फार लांब करूं नये. नेहमींच्या कामांखेरीज एका दिवशीं दोन किंवा तीन कामें पुरेत. दहा कामें लिहून तीन करणारा मनुष्य रात्रीं खिन्न होऊन झोंपतो. तींच तीन लिहून तीन करणारा समाधानानें झोंपतो.

दुसरी संवय म्हणजे प्रत्येक वस्तूस तिची जागा असणें. आपल्या शहराजवळच्या टाकळी येथें समर्थ रामदासांनीं बारा वर्षें राहून साधना केली असें परंपरा सांगते. त्यांच्या दासबोधांत लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. त्यांत अक्षर कसें असावें हें तर सांगितलें आहेच, पण बरू, शाई, कागद इत्यादि सामग्री कशी जमवून ठेवावी हेंहि सांगितलें आहे. लिहावयास बसल्यावर बरू शोधूं लागणाऱ्याचें लिहिणें कसें होणार? तोच न्याय घरास लागू आहे. किल्ल्यांना दाराजवळ एक खुंटी, औषधांना उंचावर एक डबा, पावत्यांना एक पाकीट, दप्तराला एक कोपरा. एवढ्या चार जागा ठरल्या तरी सकाळची निम्मी शोधाशोध थांबते. वस्तु घेणाऱ्यानेंच ती परत ठेवावी, हा नियम लहानांपेक्षां मोठ्यांनीं आधीं पाळावा. माझा चष्मा या बाबतींत पुष्कळ दिवस गुन्हेगार होता.

सांठवणीचा धडा आपल्या जिल्ह्यांतील कांद्याच्या शेतकऱ्यापासून घेण्यासारखा आहे. लासलगांवच्या बाजूस उन्हाळी कांदा चाळींत सांठवितात. त्या चाळीला खालून व बाजूंनीं वारा खेळता ठेवितात, ढीग फार उंच करीत नाहींत, आणि मधून मधून नासलेला कांदा वेंचून काढितात. घरांतील फडताळाचेंहि असेंच आहे. तें कोंबून भरलें कीं मागचें दिसत नाहीं. दिसलें नाहीं कीं तेंच पुन्हां विकत आणलें जातें, आणि जुन्याला कीड लागते. यासाठीं नवें सामान मागें व जुनें पुढें ठेवावें. महिन्यांतून एकदां फडताळ रिकामें करून पुसावें. कांदे व बटाटे एकाच टोपलींत ठेवूं नयेत. एकत्र ठेविले म्हणजे दोन्ही लवकर बिघडतात.

तिसरी संवय बाजाराची. बुधवारीं गोदावरीच्या घाटावर आठवड्याचा बाजार भरतो, हें नाशिककरांस सांगावयास नको. तेथें जाण्यापूर्वीं आठवड्याच्या भाज्या ठरवाव्या. पालेभाजी व कोथिंबीर पहिल्या दोन दिवसांत संपवावी. त्यानंतर भेंडी, वांगीं, गवार. आणि आठवड्याच्या शेवटीं भोपळा, बटाटे व कडधान्यें. हा क्रम ठेविला तर फेंकावें फारसें लागत नाहीं. कडधान्याची मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मटकीची उसळ आयत्या वेळीं होत नाहीं. मटकी आज रात्रीं भिजवावी, उद्यां सकाळीं उपसून फडक्यांत बांधावी, तेव्हां परवां तिला चांगले मोड आलेले असतात. म्हणजे शुक्रवारीं उसळ हवी असेल, तर बुधवारीं रात्रींच कोणाला तरी आठवण झाली पाहिजे. ताटांतील एका वाटीमागें अशी दोन दिवसांची आठवण उभी असते, ती वाटी सरकवून “आज उसळच कां?” असें म्हणण्यापूर्वीं मुलांनीं एवढा विचार करावा.

चवथी संवय रात्रींच्या दहा मिनिटांची आहे. सकाळची एक घटका आणि रात्रीची एक घटका घड्याळांत सारखीच असली तरी मनाला सारखी नसते. रात्रीं हरवलेला मोजा हंसत शोधतां येतो. सकाळीं त्याच मोज्यासाठीं घरांत रडारड होते. म्हणून निजण्यापूर्वीं दुसऱ्या दिवसाचें दप्तर भरावें, गणवेश काढून ठेवावा, सही घ्यावयाची असेल तर घ्यावी, डबा व पाण्याची बाटली धुऊन जागेवर ठेवावी. हें काम ज्याचें त्यानें करावें. आठव्या इयत्तेंतील मुलाचें दप्तर आईनें भरणें ही माया नव्हे. त्यामुळें तो मुलगा एका साध्या शिक्षणास मुकतो.

येथें पांचवी व सर्वांत अवघड गोष्ट येते, ती कामाच्या वांटणीची. पुष्कळ मुलें म्हणतात, “आम्ही आईला मदत करतों.” मदत चांगलीच, परंतु “आई, काय करूं?” असें विचारून केलेल्या मदतींत आठवणीचें काम आईकडेच राहतें. पाणी भरणें ज्याच्याकडे आहे त्यानें पाणी येण्याची वेळहि स्वतःच लक्षांत ठेविली पाहिजे. किराणा ज्याच्याकडे आहे त्यानें तेल किती उरलें हें स्वतःच पाहिलें पाहिजे. काम त्याच्या आठवणीसकट उचललें तरच आईचें ओझें खरोखर हलकें होतें. यादींत प्रत्येक कामापुढें नांव लिहावें, आणि त्यांत मुलाचें काम व मुलीचें काम असा भेद करूं नये. आमच्या घरीं केर काढण्यापुढें मुलाचें नांव आहे, वीजबिलापुढें मुलीचें आहे. दोन्ही कामें ठीक चालतात. भांडीं घासण्यापुढें माझें नांव आहे. पहिल्या आठवड्यांत दोन कपांचे कान गेले, हें कबूल करतों.

इतकें करूनहि एखादा आठवडा बिघडतोच. कोणी आजारी पडतें, अचानक पाहुणे येतात, परीक्षा पुढें ढकलली जाते. गोदावरीला पूर आला म्हणजे नाशिकचे लोक दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी मूर्तीच्या कोठपर्यंत चढलें यावरून पुराचें मान समजतें. तशी एखादी खूण घरींहि असावी. आमची खूण अशी कीं, यादींतील तीन कामें लागोपाठ दोन दिवस मागें पडलीं म्हणजे पूर आला असें समजावयाचें. अशा वेळीं झोंप कमी करून कामें उरकूं नयेत. यादींतलें एखादें काम सरळ खोडून टाकावें. पडदे पुढच्या आठवड्यांत धुतले तरी चालतात. वेळापत्रक घरासाठीं आहे, घर वेळापत्रकासाठीं नाहीं, हें विसरणारा मनुष्य नुसता घरांतला हेडमास्तर होऊन बसतो, आणि त्याला घरांत कोणी बोलावीत नाहीं.

आतां ती गोष्ट पुरी करतों. डॉक्टरांनीं विचारलेल्या त्या दिवशीं रात्रीं मी वही घेऊन पत्नीजवळ बसलों, व तिच्या मनांत असलेलें घर मीं उतरून घेतलें. वहीचीं चार पानें भरलीं. तीं मुलांना मोठ्यानें वाचून दाखविलीं, तेव्हां कोणीच कांहीं बोललें नाहीं. मग एकेका कामापुढें आम्हीं नांवें लिहिलीं. दहाव्या दिवशीं ती बरी होऊन स्वयंपाकघरांत आली. भिंतीवरचें पान तिनें वरपासून खालपर्यंत वाचलें, कोनाड्यांतील पेन्सिल घेतली, आणि अगदीं शेवटीं आपल्या अक्षरांत एक ओळ लिहिली: “रविवार दुपार — मला कांहीं काम नाहीं.” ती ओळ आम्ही दर शनिवारीं नव्या यादींत प्रथम उतरून घेतों.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढें सर्व एकदम करावयास मी सांगत नाहीं. आज घरीं गेल्यावर दप्तरास एक कोपरा ठरवा, आणि आपल्या आईला विचारा, “तुझ्या डोक्यांत काय काय आहे, तें मला लिहून घेऊं दे.” मात्र वहीचीं पानें पुरेशीं बरोबर असूं द्या.