सुटीचा हिशेब आणि लहान मुले

दिवाळी जवळ आली, की प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांची पाने व्यापू लागतात. त्यांतील मजकूर ठरलेला असतो: इतके दिवस, इतक्या रात्री, इतकी स्थळे. स्थळांचा आकडा जितका मोठा तितकी सहल किफायतशीर, असा ग्राहकाचा समज असतो आणि विक्रेत्याचा सारा व्यवहार त्या समजावर चालतो. प्रौढांच्या जथ्याला हा हिशेब कदाचित मानवत असेल. परंतु ज्या कुटुंबात तीन, पाच किंवा सात वर्षांची मुले आहेत, त्याने तोच हिशेब स्वीकारला म्हणजे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. पहाटे पाच वाजता झोपेतले मूल उचलून गाडीत घालायचे, दुपारी त्याच्या झोपेच्या वेळी एखाद्या किल्ल्याच्या उन्हात उभे करायचे, रात्री नऊला परक्या चवीचे जेवण त्याच्यापुढे ठेवायचे आणि ते रडू लागले, की 'एवढा खर्च केला, पण याला त्याचे काही नाही' असे म्हणून त्याच्यावर डाफरायचे. चौथ्या दिवशी मूल तापते, आई थकते, वडील चिडतात. घरी परतल्यावर छायाचित्रे मात्र सर्व स्थळांची असतात.

हा प्रश्न केवळ श्रीमंतांचा आहे असे नाही. नागपूरच्या पूर्व अंगाला असलेल्या कळमन्याचेच उदाहरण घेऊ. बाहेरच्या लोकांना हे नाव ठाऊक आहे ते तेथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या विस्तीर्ण आवारामुळे. संत्री, मिरची, धान्य, भाजीपाला यांची येथे मोठी उलाढाल होते. मिरचीचा हंगाम भरात असला, म्हणजे आवाराजवळून जाणाऱ्यालाही ठसका लागतो. या बाजाराच्या आधाराने आणि त्याच्या भोवती वाढत गेलेल्या लेआउटांमधून अडते, हमाल, मालमोटारींचे चालक, दुकानांतले दिवाणजी राहतात, त्याचप्रमाणे शहरात नोकरीला जाणारे कारकून आणि शिक्षकही राहतात. या साऱ्यांच्या सवडीचा आणि मुलांच्या सुटीचा मेळ बसणे कठीण असते. दिवाळीत शाळा बंद असतात, तेव्हा आंबिया बहाराची संत्री बाजारात येत असतात आणि ज्याचे पोट बाजारावर आहे त्याला उसंत नसते. मे महिन्यात शाळेला दीर्घ सुटी असते, पण तेव्हा नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात, त्या याच उन्हामुळे. तात्पर्य, कुटुंबाच्या हाती एकत्र येतात ते वर्षातले मोजके चार-पाच दिवस. दिवस थोडे, म्हणून त्यांत अधिकाधिक कोंबावे, अशी मनाची स्वाभाविक धाव असते. दिवस थोडे आहेत म्हणूनच ते मोकळे ठेवले पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना प्रवासाच्या ज्या सवलती मिळतात, त्यांची नावे या संदर्भात मोठी बोलकी आहेत. एक 'स्वग्राम', ती दोन वर्षांतून एकदा. दुसरी 'महाराष्ट्रदर्शन', ती चार वर्षांतून एकदा. सुटीच्या दोन निरनिराळ्या कल्पनाच या दोन शब्दांत सामावल्या आहेत. दर्शनाला स्थळांची यादी लागते. स्वग्रामाला लागत नाही. तेथे जाऊन राहायचे असते. आपल्याकडील मुलांची सुटी पिढ्यानपिढ्या या दुसऱ्या प्रकारची होती. तिचे नाव आजोळ. आजोळी कोणत्या दिवशी काय पाहायचे हे कोणी ठरवीत नसे. विहिरीवर, गोठ्यात, आंब्याखाली, शेजारच्या ओसरीवर दिवस आपोआप उलगडत जाई. तेथे पोचण्याचा प्रवासही सावकाशीचा असे. इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर अशी गावे घेत नागभीडला जाणारी नॅरोगेज गाडी शंभराहून थोडे अधिक किलोमीटरचे अंतर कापायला कित्येक तास घेई. छिंदवाड्याकडची गाडीही त्याच वळणाची. छिंदवाडा मार्ग २०१५ च्या अखेरीस आणि नागभीड मार्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. रुंदीकरण आवश्यकच होते; त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु गाडीच्या खिडकीशी बसून बाहेर पाहत राहणे हीच मुलाची निम्मी सुटी असते, हे त्या संथ गाड्यांमुळे न सांगता साधत होते.

तथापि, आजोळाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. मुलांची ती मोकळीक आयती आलेली नव्हती. पहाटेपासून चुलीपुढे बसणारी आजी, पाणी भरणारी मामी आणि माहेरी येऊनही स्वयंपाकघरातून न सुटलेली आई, यांच्या कष्टांवर ती उभी होती. मुलांना वेळापत्रक नव्हते, कारण घरातील स्त्रियांना ते होते. आज अनेकांचे आजोळ उरलेले नाही. मामा पुण्यात किंवा हैदराबादेत दोन खोल्यांच्या घरात राहतो, आजी त्याच्याबरोबर गेली आणि गावच्या घराला कुलूप लागले. ही पोकळी प्रवासी कंपनीने भरून काढली. तेव्हा आजोळाची मोकळीक पुन्हा हवी असेल, तर तिची व्यवस्था आपणच लावली पाहिजे आणि ती लावताना तिचा भार पुन्हा एकट्या आईवर पडणार नाही, हेही पाहिले पाहिजे.

मोकळीक का हवी, याचे उत्तर मुलाच्या स्वभावात आहे. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केले. तेथे एक लहानगी मुलगी लाकडी दट्ट्या त्यांच्या खाचांत बसविणे आणि पुन्हा काढणे हे एकच काम चाळिसाहून अधिक वेळा करताना त्यांनी पाहिली. भोवतीच्या गडबडीकडे तिचे लक्षही नव्हते आणि थांबली तेव्हा ती थकलेली नव्हती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी कुरणशाळेचा प्रयोग केला. मूल गुरांमागे कुरणात जाते, तर शाळेनेच कुरणात जावे, हा त्यामागचा विचार. या दोन्ही अनुभवांचे सार एकच, की लहान मूल आपल्या गतीने आणि आपल्या आवडीच्या वस्तूपाशी थांबून जग समजावून घेते. तळ्यात एकामागून एक चाळीस खडे टाकणारे मूल वेळ वाया घालवीत नसते. त्याला ओढून पुढच्या स्थळी नेणारा पालक मात्र त्याच्या हातचे काम हिसकावून घेत असतो.

याकरिता फार दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. कन्हान येथे फाटा फुटून रामटेकला जाणारा लोहमार्ग कळमन्यावरूनच जातो. नागपूरहून रामटेक सुमारे पन्नास किलोमीटर. एसटीने जायचे तर मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धेच. बहुतेक नागपूरकर रामटेक अर्ध्या दिवसात 'उरकतात': गड, देऊळ, कालिदास स्मारक, खिंडसीच्या तलावावर नौका आणि परत. त्याऐवजी तेथे दोन रात्री मुक्काम करावा. एका सकाळी गड चढावा आणि पायऱ्यांवर वानरे भेटली, तर मुलांचे समाधान होईतो दुरूनच ती पाहत बसावे. गडावरील वाकाटककालीन मंदिर आणि शिलालेख थोरांपैकी ज्याला पाहायचे त्याने पाहून यावे. मुलांना ते सोळाव्या वर्षीही पाहता येतील. दुपारी खोलीवर निजावे. संध्याकाळी अंबाळा तलावाच्या घाटावर जावे. दुसऱ्या दिवशी मूल म्हणाले, की पुन्हा तळ्यावरच जाऊ, तर पुन्हा तळ्यावरच जावे. खिंडसी राहिली तर राहिली.

रामटेक म्हणजेच 'मेघदूता'तील रामगिरी, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडले, हे नागपूरच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या काव्यातील यक्ष विरहाने व्याकूळ आहे, त्याचा निरोप तातडीचा आहे. असे असूनही तो मेघाला सरळ अलकेला धाडीत नाही. थकलास की डोंगरमाथ्यावर विसावा घे, असे तो सांगतो आणि वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी चुकवू नकोस, अशी गळ घालतो. ज्याला खरोखर घाई होती त्यालाही वाटेत रेंगाळण्याचे मोल कळले होते. आपल्याला तर सुटीत कोणताच निरोप पोचवायचा नसतो.

सैल आखणी म्हणजे बेशिस्त, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो काही अंशी योग्यही आहे. ऐनवेळी रात्री दहाला मूल कडेवर घेऊन खोली शोधत हिंडणे, यात मोकळीक कसली? म्हणून ज्या गोष्टी ठरविल्याच पाहिजेत त्या पक्क्या ठरवाव्यात. लांबचा प्रवास असेल तर रेल्वेचे आरक्षण आगाऊ करावे. नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवस आधी खुले होते आणि मुलाला स्वतंत्र शायिका हवी असल्यास एप्रिल २०१६ पासून पाच वर्षांवरील मुलाचेही पूर्ण भाडे पडते. मुक्कामाची जागा, पिण्याचे स्वच्छ पाणी, मुलाच्या सवयीचा वरणभात कोठे मिळेल, जवळचा दवाखाना कोणता आणि परतीचा दिवस, एवढे निश्चित असावे. विदर्भात मे महिन्यात लहान मुलांना घेऊन हिंडणे टाळावे. जायचेच असेल तर सकाळ-संध्याकाळच बाहेर पडावे. या चौकटीच्या आत मात्र दिवसाला एकापेक्षा अधिक बेत ठेवू नये आणि तो एक बेतही मुलाच्या तब्येतीवर सोडावा.

दुसरी अट कामाच्या वाटणीची. सहलीतही मुलांना भरविणे, त्यांचे कपडे धुणे, औषधाची आठवण ठेवणे ही कामे आईकडेच राहिली, तर ती सुटी तिची नव्हे. फक्त तिच्या कामाची जागा बदलली, इतकेच. एक दिवस मुले पूर्णपणे वडिलांनी सांभाळावीत आणि आईने एकटीने गड चढून यावे किंवा नुसते झोपावे. हे साधले नाही, तर आजोळातील जुना अन्याय आपण लॉजमध्ये चालू ठेवला, असेच म्हणावे लागेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या हमालाने पोते उचलले तरच त्या दिवसाची मजुरी मिळते, त्याला दोन रात्रींचा मुक्काम कोठून परवडणार? भरपगारी सुटी हा कामगाराचा हक्क आहे, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारनाम्याने १९३६ साली मान्य केले. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून हमालांना संरक्षण देण्यात पुढाकार घेतला. तरीही बाजारपेठांतून रोजंदारीवर राबणाऱ्या असंख्य माणसांच्या दृष्टीने सुटीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी हेच समीकरण राहिले. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय संहितेचा भारताने १९९२ साली स्वीकार केला, तिच्या ३१ व्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हे मुलांचे हक्क म्हणून नोंदले आहेत. पित्याला फुरसत नसेल, तर मुलाचा हा हक्क कागदावरच राहतो. अशा कुटुंबांच्या वाट्याला येते ती एका दिवसाची सहल. ती सुखाची व्हावी यासाठी लागणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत: तलावाकाठी सावली, पिण्याचे पाणी, स्त्रिया आणि मुले वापरू शकतील अशी स्वच्छ शौचालये, संध्याकाळी उशिरापर्यंत मिळणारी परतीची एसटी. नवी भव्य पर्यटन केंद्रे उभारण्याआधी नगरपालिकांनी आणि महामंडळांनी एवढे केले, तर कळमन्याच्या शेकडो घरांतील मुलांना त्याचा लाभ होईल.

शिक्षकांकडेही एक मागणे आहे. सुटी संपली, की 'मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ' या विषयावर निबंध लिहावयास सांगण्याची आपली जुनी रीत आहे. ज्याने दहा स्थळे पाहिली त्याची वही भरते आणि जो कोठेच गेला नाही तो पेन्सिल चावीत बसतो. स्थळांची मोजदाद करण्याची सवय मुलाला लागते ती कदाचित येथूनच. त्याऐवजी 'सुटीत मी कशात रमलो' असा विषय देऊन पाहावा. मग आवारातील संत्र्यांच्या ढिगाऱ्याशी खेळलेला मुलगाही लिहू शकेल आणि सिमल्याला जाऊन आलेल्या मुलालाही थोडा विचार करावा लागेल.

तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत मुलाच्या वाट्याला जेमतेम सहा दिवाळ्या येतात. त्यानंतर त्याला शिकवण्या, परीक्षा आणि मित्रमंडळी वेढून टाकतात आणि आईबापांचे बोट धरून तळ्याकाठी बसण्याची हौस त्याला उरत नाही. या सहा सुट्यांत किती स्थळे पाहून झाली, याचा जाब पुढे कोणी विचारणार नाही. निदान येत्या सुटीत तरी यादीतील निम्मी नावे खोडून टाकण्याचे धैर्य पालकांनी दाखवावे.